इलेक्टिव्ह निवडताना

१० जुलै
एमएस्सी फिजिक्सवाल्यांना या सत्रात अभियांत्रिकीचा एक विषय घ्यायचा आहे. यादी लागली: सिग्नल्स अँड सिस्टिम्स, कंट्रोल सिस्टिम्स, मटेरियल सायन्स, मशीन लर्निंग. वर्गातल्या बहुतेकांचा ओढा मशीन लर्निंगकडे आहे. मुलाखतीत तेच विचारतात, हे खरंच आहे. मला मात्र प्रयोगशाळेत राहायचं आहे. समोरच्या उपकरणात नेमकं काय चाललंय, हे ज्यातून कळेल तो विषय मला हवा.

१२ जुलै
कंट्रोलचं पुस्तक चाळलं आणि भेटला मॅक्सवेल! वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर केव्हा स्थिर राहतो आणि केव्हा हेलकावे खाऊ लागतो, याचं गणित त्याने १८६८ मध्येच मांडलं होतं. आपल्याला शिकवतात ती त्याची चार समीकरणं तेवढी. आणि कंट्रोल आजही लागतंच: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. गुरुत्वीय लहर येते ती आइनस्टाइनच्या सिद्धांतातून. पण ती टिपण्यासाठी आरसे जागच्या जागी धरून ठेवतं ते फीडबॅक कंट्रोल.

१५ जुलै
आज दिवसभर नायक्विस्ट. जन्म स्वीडनचा, १९१७ मध्ये येलमधून भौतिकशास्त्रात पीएचडी, नोकरी टेलिफोनच्या धंद्यात. सिग्नल्समध्ये सॅम्पलिंगचा नियम त्याच्या नावाचा: सर्वांत मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्या, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सी खालच्यांचं सोंग घेऊन येतात. कंट्रोलमध्ये १९३२ ची स्थिरतेची कसोटी त्याचीच. आणि जॉन्सनने रेझिस्टरमधला जो नॉइज मोजला, त्याचं सूत्र त्याने १९२८ मध्ये थर्मोडायनॅमिक्समधून काढलं. १ किलोओहमचा साधा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट नॉइज देतोच. बॅटरी जोडलेली नसली तरी. अँप्लिफायर कितीही भारी आणला तरी हा नॉइज जायचा नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत 'मोजमापातली त्रुटी' असं लिहून आपण मोकळे होतो. तिच्यातला निसर्गाचा वाटा किती आणि सैल जोडणीचा किती, हे वेगळं करता यायला हवं.

१६ जुलै
पीएचडी करणाऱ्या एका ताईशी बोलले. ती म्हणाली, "फूरिये तुला येतं, कंटूर इंटिग्रेशन येतं, गणिताला घाबरू नकोस. पण अभियांत्रिकीचे लोक 'i' ऐवजी 'j' लिहितात आणि घातांकातलं चिन्हही आपल्या उलट धरतात. पहिले काही तास सांभाळ." शिवाय पूर्वअट काय आहे ते आधी पाहा, लॅब नसेल तर तो विषय सोडून दे, असंही तिने बजावलं.

१८ जुलै
खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल वाचलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. त्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत येतात, तिथे त्यांचे आकडे होतात आणि प्रत्येक अँटेनेची इतर प्रत्येकीशी जोडी लावली जाते: ४३५ जोड्या. आकाशाचं चित्र तयार होतं ते या जोड्यांमधून. म्हणजे सॅम्पलिंग, फूरिये आणि नॉइज, सगळं एका ठिकाणी.

अर्जात सिग्नल्स अँड सिस्टिम्स भरलं. कंट्रोल पुढच्या सत्रात. मशीन लर्निंगची व्याख्यानं घरी बसूनही ऐकता येतात. ऑसिलोस्कोपसमोर बसवून चूक दाखवणारे शिक्षक घरी मिळत नाहीत. भौतिकशास्त्राच्या मित्रमैत्रिणींनो, अर्ज भरण्याआधी विषयाच्या प्रात्यक्षिकांची यादी मागून घ्या आणि ती वाचूनच ठरवा.