हाँगकाँगची खाडी आणि पासपोर्टचा प्रश्न

कौलूनमधील त्सिम शा त्सुई भागातून स्टार फेरीच्या धक्क्याकडे निघालेल्या प्रवाशाला मोडी रोड लागतो. हा रस्ता मुंबईहून येथे आलेल्या सर होरमसजी मोडी यांच्या नावाचा असून हाँगकाँग विद्यापीठाची पहिली इमारत त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. फेरीचा उगमही दोराबजी नवरोजी या पारशी उद्योजकाने एकोणिसाव्या शतकात चालविलेल्या बोटींत आहे.

बोट पलीकडच्या बेटावरील सेंट्रल भागाकडे सरकू लागली की समोर बँकांचे मनोरे दिसतात. सप्टेंबर १९८३ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील हाँगकाँगच्या भवितव्याविषयी ब्रिटन व चीन यांच्या वाटाघाटी अडल्या, तेव्हा स्थानिक डॉलर गडगडला आणि लोकांनी तांदळासाठी दुकानांत गर्दी केली. पण ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकी डॉलरला ७.८० हा दर बांधून देण्यात आला, नोटा छापण्यापूर्वी बँकांनी तेवढे अमेरिकी डॉलर जमा करावेत असा नियम झाला आणि चलन सावरले.

नागरिकत्वाबाबत असा तोडगा निघाला नाही. १९८७ पासून देण्यात आलेला ‘ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)’ हा दर्जा पासपोर्ट देत असे, मात्र ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क देत नसे. चीनच्या दृष्टीने तर चिनी वंशाचे रहिवासी चिनी नागरिकच होते आणि तो पासपोर्ट केवळ प्रवासाचा कागद होता. जून १९८९ मधील तिआनमेनच्या हत्याकांडानंतर भीती वाढली, तेव्हा ब्रिटनने १९९० च्या कायद्याने ५०,००० निवडक कुटुंबप्रमुखांना, त्यांच्या कुटुंबीयांसह, पूर्ण नागरिकत्व देऊ केले. हेतू असा की, बाहेर पडण्याची वाट हाती असली म्हणजे माणसे निर्धास्तपणे शहरातच राहतील. पण पन्नास लाखांहून अधिक वस्तीत हा दिलासा फारच थोड्यांच्या वाट्याला आला.

भारतीय वंशाच्या रहिवाशांची कोंडी अधिक कठोर होती, कारण चिनी वंशाचे नसल्याने चीनचे नागरिकत्व त्यांना आपोआप मिळणार नव्हते आणि ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले होते त्यांच्यामागे कोणताच देश ठामपणे उभा नव्हता. वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर, हाँगकाँग चीनकडे जाण्यास जेमतेम काही महिने उरले असताना, मार्च १९९७ मध्ये त्यांच्यासाठी ब्रिटिश कायदा झाला. मोडींच्या गावच्या माणसांना हा विलंब आजही अन्यायकारक वाटावा.

बेटावरील वान चाय येथील ज्या अधिवेशन केंद्रात ३० जून १९९७ च्या मध्यरात्री ब्रिटिश ध्वज उतरला, त्यासमोर आज चिनी ध्वजवंदन होते. पासपोर्टचा प्रश्न मात्र मिटला नव्हता; ३१ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनने याच ओव्हरसीज दर्जाच्या लोकांना ब्रिटनमध्ये राहून पुढे नागरिक होण्याचा व्हिसा खुला केला आणि त्याच दिवसापासून चीनने त्या पासपोर्टला मान्यता देणे थांबविले.