लाल मणी

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर, चातगावजवळ शोधग्राम लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेचं हे ठिकाण. तिथल्या एका साध्या वस्तूने माझा पिच्छा आजवर सोडलेला नाही. तिचं नाव श्वासमापक.

मी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली, ब्रह्मपुरीची. कॉलेजात असताना तो पहिल्यांदा पाहिला. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास वाढतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, की धोका; त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाला हीच मर्यादा 50. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजताच येत नसेल तर? म्हणून श्वासमापकात मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक थोड्या मोठ्यांसाठी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटावर नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं.

पुढे मी डिझाइन शिकले आणि आता पुण्यात वैद्यकीय उपकरणं घडवणाऱ्या डिझायनर्सची टीम सांभाळते. रंग, आकार, अक्षरं यांत ही पोरं माझ्याहून तयार आहेत. तिथे मी फारसं बोलत नाही. मध्यंतरी नाडी मोजणाऱ्या एका यंत्राचा पडदा त्यांनी दाखवला. आलेख, टक्केवारी, तीन रंग, सगळं देखणं. मला श्वासमापक आठवला आणि मी एवढंच विचारलं, "रात्रपाळीच्या सिस्टरने हे बघून काय करायचं?" त्यावर टीममधली एक मुलगी वॉर्डात रात्रभर सिस्टरच्या शेजारी बसून आली. नव्या पडद्यावर एकच मोठा आकडा होता, आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं ते सांगणारी एक खूण. टीमलीडचं खरं काम मला हेच वाटतं: आपल्या माणसांना टेबलावरून उठवून वापरणाऱ्याच्या शेजारी नेऊन बसवणं. बाकीचं ती करतात.

गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं आणि बालमृत्यू घटले, हा गडचिरोलीचा अभ्यास 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वापरणाऱ्याचा असा विचार शिकवायचा, तर आपल्याकडे डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेत श्वासमापक पहिल्याच वर्षी मुलांच्या हातात द्यायला हवा.