ओसरी

मार्च 2008 मध्ये हैदराबादची प्रवासी विमाने बेगमपेठ सोडून शमशाबादेला गेली. वर्षाला 1.2 कोटी प्रवाशांसाठी उभारलेली ती वास्तूही काही वर्षांतच अपुरी पडली. विस्तारानंतर तिची क्षमता 3.4 कोटींवर नेण्यात आली. अशा आकड्यांचे आम्हां शहरवासीयांना कौतुक वाटते; परंतु वर्षाच्या आकड्यावर इमारत आखता येत नाही. प्रवासी काही बारा महिने सारखे येत नसतात. पहाटे लागोपाठ विमाने सुटतात, त्या तासाभराची गर्दी आखणाऱ्याला मोजावी लागते.

हिशेब तसा साधा आहे. सुरक्षा तपासणीकडे तासाला 600 माणसे येत असतील आणि प्रत्येकाचा अर्धा तास तेथे मोडत असेल, तर केव्हाही पाहा, 300 माणसे उभी असणार. तोच वेळ दहा मिनिटांवर आणला, की 100. म्हणजे दालन तिप्पट करण्यापेक्षा तपासणी वेगाने होणे अधिक मोलाचे. त्यातही पुष्कळदा यंत्र थांबत नाही, माणूस थांबतो. पट्टा सोडायचा, खिसे रिकामे करायचे, ट्रे भरायचा. यंत्राआधीचे टेबल लांब असले, तर चार-पाच जणांना ही तयारी एकाच वेळी करता येते आणि रांग सरकत राहते. यंत्रापलीकडच्या टेबलाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

एका विमानतळावर आई त्याच टेबलाशी अडली. वय ब्याऐंशी. चष्मा, घड्याळ, चपला, पिशवी. मागून ट्रे येऊन आदळत होते. “आजी, जरा बाजूला व्हा,” कोणीसे म्हणाले, तेही सौजन्यानेच. पण बाजू होती कोठे? एक बाकसुद्धा नव्हते. चपला हातात घेऊन ती तशीच पुढे चालू लागली.

गौळीगुड्यातील आमच्या जुन्या घराला ओसरी होती. आलेला माणूस तेथे टेकायचा, पाणी प्यायचा, मग आत यायचा. त्याच्यामुळे कोणाची वाट अडल्याचे मला स्मरत नाही.

पुढे पुण्याच्या लग्नाचे ठरले, तेव्हा आई म्हणाली, “अरे, माझ्यामुळे लोकांचा खोळंबा होतो. मी आपली रेल्वेनेच येईन.” मी तिची समजूत घातली नाही. रात्रीच्या गाडीची दोन तिकिटे काढली. सुदैवाने दोन्ही बर्थ खालचे मिळाले.