भाड्याची प्रत

तिच्या अंगावर छापील शाईपेक्षा पेन्सिलच जास्त. स्वरांच्या वर चष्म्याचं चित्र, म्हणजे ‘इथे मान वर करून कंडक्टरकडे बघा’. स्वल्पविरामासारखी खूण, म्हणजे श्वास. एका ओळीखाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, ‘घाई नको’.

इंग्लंडातल्या हौशी कॉयरला, म्हणजे गायनवृंदाला, स्वरलिपीच्या सगळ्या प्रती विकत घेणं परवडतंच असं नाही. उन्हाळी कार्यक्रमासाठी वाचनालयातून गठ्ठा येतो, त्यातली ही एक. लग्नघरं फिरून आलेल्या भाड्याच्या पातेल्यासारखी. पोचे पडलेली, पण कामाला चोख. नाव मात्र घरंदाज: ‘कांतीक द झां रासीन’. पॅरिसच्या नीडरमायर संगीतशाळेतून बाहेर पडता पडता गाब्रिएल फोरेंनी ही रचना केली आणि १८६५ मध्ये पहिलं बक्षीस मिळवलं. वय अवघं वीस.

स्वभावाने ती फसवी. चाल संथ, सूर गोड, म्हणून नवखे निर्धास्त होतात. आधी सगळ्यांत खालच्या आवाजाचे बास शिरतात, मग टेनर, मग आल्टो, शेवटी सगळ्यांत वरच्या आवाजाचे सोप्रानो. बास जरा उतरले की साथीचा ऑर्गन लगेच चुगली करतो. त्यात फ्रेंच उच्चार! न बोलायच्या अक्षरांवर काट मारलेली, नाकातल्या स्वरांखाली हरतऱ्हेची स्पेलिंगं. आपला अनुस्वार या मंडळींना उसना द्यावासा वाटतो.

काळ्या फोल्डरमध्ये तिच्या शेजारी स्टॅनफर्डची ‘द ब्लू बर्ड’ असते, १९१० ची. (स्टॅनफर्ड जन्माने डब्लिनचे, पण कार्यक्रमपत्रिकेत इंग्रजांतच बसतात.) हिला साथ नाही. सोप्रानोंचा लांबलेला सूर बाकीच्यांच्या वर तरंगत राहतो, आणि शेवटीही घरी परतत नाही. सूर उतरलेच तर सगळ्यांचे मिळून उतरतात, आणि श्रोत्यांत क्वचितच कोणाला पत्ता लागतो. हौशी माणसांना खरी सांभाळून घेते ती हीच. फ्रेंच बाई शिस्तीच्या.

कार्यक्रम गावच्या चर्चमध्ये. जूनमधला उजेड रात्री नऊपर्यंत हटत नाही, उकाडाही हटत नाही. मध्यंतरात वाइनचे ग्लास फिरतात आणि फोरेंच्या रचनेचा पंखा होतो.

मग खोडरबर. परत करण्याआधी सगळ्या खुणा पुसायच्या असा नियम. आल्टो कागद झिजेपर्यंत घासतात. बास फक्त पहिलं पान पुसतात. गठ्ठा मोजताना एक प्रत कमी भरते, खजिनदार दंडाचा हिशेब मांडायला बसतो, आणि ती बहुधा एखाद्या टेनरच्या गाडीत, मागच्या सीटखाली सापडते.