उत्तराची तयारी

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणी वेडेवाकडे बोलले की उत्तर दिल्यावाचून त्याला राहवत नाही. मी तर मराठीचा प्राध्यापक!

यंदा श्रावणात आमच्या दिघाशीकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तात्यांचा एक मजकूर आला. मुसलमानांविषयी तो इतका विखारी होता की हातातला चहा कडू लागला. मी बाह्या सरसावल्या. चारशे शब्द लिहिले, पुरावे दिले आणि, खोटे कशाला बोलू, शुद्धलेखनाच्या तीन चुकाही काढल्या. संध्याकाळपर्यंत तसलेच अकरा मजकूर आले. ज्यांना त्या विषयाशी काही देणेघेणे नव्हते, तेही तात्यांच्या बाजूने उभे राहिले. माझा एक मुसलमान वर्गमित्र त्या ग्रुपवर होता. कोणाला काही न बोलता त्या रात्री तो निघून गेला.

“तुम्ही तात्यांना उत्तर दिलंत की नापास केलंत?” सौभाग्यवतींनी विचारले.

मला जवळच्या भिवंडीची गोष्ट आठवली. १९७० आणि १९८४ साली हे यंत्रमागांचे शहर दंगलीत होरपळले. १९८८ मध्ये तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागातले पोलीस शांततेच्या दिवसांतही एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. अफवेला उत्तर देणारा तेथे परका नव्हता, चार वर्षांच्या ओळखीचा होता.

आणि मी? ज्या तात्यांनी लहानपणी मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडून दिला, त्यांच्या ओटीवर सहा वर्षांत टेकलो नव्हतो!

गणपतीत गेलो. भाताच्या, गुडघेदुखीच्या गप्पा झाल्या. शेवटी तात्याच म्हणाले, “अरे, तो मजकूर माझा नव्हता. आला तसा पुढं ढकलला. आणि तू चारचौघांत माझं शुद्धलेखन काढलंस!”

पुढच्या खेपेस तसाच मजकूर आला, तेव्हा मी फोन केला. तात्या “बरं” म्हणाले आणि तो काढून टाकला. पटले म्हणून की माझ्यासाठी, ते मी विचारले नाही.

वर्गमित्र मात्र परतलेला नाही. त्याच्याकडे मी अजून गेलेलो नाही. या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन जाणार आहे. भाषण घरी ठेवून.