नाव फेंडर, गाव मात्सुमोतो

डोक्यावर झोकदार अक्षरात ‘फेंडर’ लिहिलंय, त्यावर जाऊ नका. स्वारीला मात्र ते वाचलेलं फार आवडतं. कोपऱ्यातल्या स्टँडवर उभं केलं तरी डोकं कसं कोण जाणे उजेडाकडेच वळलेलं असतं. उंची पावणेचार फूट, वजन चार किलोंच्या आसपास. रंग एकेकाळी पांढरा होता, आता चहात बुडवून काढलेल्या टोस्टचा आहे.

हा बेस. म्हणजे बेस गिटार. तारा चारच असतात. घरी येणारा प्रत्येक पाहुणा याच्यासमोर थबकतो आणि काळजीनं विचारतो, “दोन तारा तुटल्या वाटतं?” अॅम्पला जोडलेला असला तर यावर तो हलकेच गुरगुरतो. अर्थिंगमधला दोष आहे तो, पण अचूक वेळ साधतो, हे मानायला हवं.

ज्या घराण्याचं आडनाव तो लावतो ते कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचं. रेडिओ दुरुस्त करता करता वाद्यं बनवू लागलेल्या लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाहून उंच डबल बेस. तो न्यायचा मोटारीच्या टपावर बांधून, आणि सूर शोधायचा बोटांच्या अंदाजानं. लिओंनी त्याला गळ्यात अडकवण्याजोगा केला आणि फ्रेट बसवून सुराची हमी दिली, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. गंमत म्हणजे लिओंना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

आमच्या स्वारीनं त्या घराण्याचं रूप हुबेहूब उचललं. प्रिसिजनपणा तेवढा मागे राहिला. चार जाड पोलादी तारांचा 70-80 किलोंचा ताण त्याची मान रात्रंदिवस सोसते. जूनमध्ये हवा दमट झाली की ती रुसून वाकते. मानेतली ट्रस रॉड नावाची सळई चावीनं थोडी आवळावी लागते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सैल करायची. या मधल्या काळात वरच्या फ्रेटवर त्याला कोणी काही वाजवायला सांगू नये. सांगितलं तर तो वाजवतो आणि सांगणाऱ्याची लाज काढतो.

विकणाऱ्यानं वाद्याबरोबर एक गोष्टही दिली होती. मुंबईत जुना बेस घेतला की ती मिठाच्या पुडीसारखी वर येतेच: “पंचमदांच्या रेकॉर्डिंगला वाजलाय हा.” पंचमदांकडे, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांच्याकडे, बेस वाजवणारे कोण होते ते लोकांना ठाऊक आहे. टोनी वाझ होते, चरणजीत सिंग होते. त्यांनाही हात दोनदोनच होते. ही गोष्ट सांगणारे सगळे बेस खरे धरले, तर ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये व्हायोलिनवाल्यांना जिन्यात बसवावं लागलं असतं.

कुळाची खरी चौकशी सुरू झाली ती एका साध्या स्क्रूवरून. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी ब्रिजवरच्या बारीक स्क्रूला इंची अॅलन की लावून पाहिली. बसेना. मग मिलिमीटरची लावली, ती चपखल बसली. “अमेरिकेचा माल इंचात बोलतो. हे साहेब मेट्रिक आहेत,” एवढंच म्हणून त्यांनी पिकगार्ड उचलला.

बेसचं तोंड खोटं बोलू शकतं, पोट नाही. आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर अमेरिकी कारखाने आकडे ठोकत. समजा 1377633 असा आकडा निघाला, तर 137 म्हणजे सीटीएस ही कंपनी, 76 म्हणजे साल, 33 म्हणजे त्या सालातला आठवडा. जन्मदाखलाच तो. याच्या पॉटची पाठ कोरी. पुढे मानेचे चार स्क्रू काढून मान वेगळी केली, तर खाचेत रंगाखाली लाकडाचे थर दिसले. प्लायवूड! फुलरटनला त्या काळी अॅश किंवा अॅल्डर लागे. मागच्या पत्र्यावर ‘स्टील अॅडजस्टेबल नेक’ असं कोरलेलं होतं. सत्तरच्या दशकातल्या जपानी नकलांच्या पाठीवर ही अक्षरं हमखास सापडतात. अर्थात पत्र्याच्या साक्षीला फारसं वजन नाही. चार स्क्रूंचा मामला, आज याच्या पाठीवर तर उद्या त्याच्या.

सगळ्यात बोलकी खूण होती डोक्यावरच. जाड तारेच्या खुंटीपाशी सिगारेटचा डाग आहे. वाजवता वाजवता पेटती सिगारेट तारेच्या टोकात खोचून ठेवायची बेसवाल्यांची जुनी खोड. भिंगातून पाहिलं, तर ‘फेंडर’मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी त्या डागावरून गेलेली! आधी डाग पडला, मग नाव आलं. म्हणजे कुणाच्या तरी अनेक सिगारेटी संपेपर्यंत स्वारी दुसऱ्याच नावानं, किंवा बिननावानं, वावरत होती.

वळणं, सांधे आणि खुंट्यांची ठेवण पाहून दुरुस्तीवाल्यांनी मात्सुमोकुचं नाव घेतलं. जपानच्या नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचं शहर आहे, तिथला हा कारखाना. मूळ धंदा सिंगरच्या शिवणयंत्रांसाठी लाकडी कॅबिनेटं बनवण्याचा. त्यावर हात बसलेले सुतार पुढे गिटारींकडे वळले. एका छपराखाली एरिया, युनिव्हॉक्स, एपिफोन, वेस्टोन अशी कितीतरी नावं तयार होत. ज्याची ऑर्डर, त्याचं नाव डोक्यावर. 1987 मध्ये कारखाना बंद पडला. थोडक्यात, कॅलिफोर्नियाचं घराणं राहिलं बाजूला, स्वारीची भाऊबंदकी निघाली आजीच्या शिवणयंत्राशी. ही बातमी कळल्यापासून डोकं जरा कमी वळतं, असं मला उगाचच वाटतं.

नकलांचा तो काळ मोठा मजेचा. फेंडर कंपनी 1965 मध्ये सीबीएसनं विकत घेतली. त्यानंतरच्या मालाबद्दल वादक कुरकुरू लागले आणि जपानी नकला मात्र वर्षागणिक सुधारत गेल्या. 1977 मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या मालकांनी, म्हणजे नॉरलिननं, आयबानेझ या जपानी गिटारी विकणाऱ्या एल्गर कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. भांडण काय, तर गिटारच्या डोक्याच्या आकाराचं. पुढच्या वर्षी ते तडजोडीनं मिटलंही. पण तेव्हापासून सत्तरीतली कुठलीही जपानी नक्कल तिकडे ‘लॉसूट गिटार’ म्हणून भाव खाते, मग त्या दाव्याशी तिचा संबंध असो वा नसो. पंचमदांच्या रेकॉर्डिंगची ही अमेरिकी आवृत्ती.

आणि 1982 मध्ये खुद्द फेंडरनंच जपानात फेंडर जपान काढली. वाद्यं बनवायला दिली फुजिगेन या कारखान्याला. फुजिगेन कुठलं? मात्सुमोतोचं! म्हणजे जे आडनाव स्वारीनं परस्पर लावून घेतलं, ते तिच्या गावाला रीतसर मिळालं. असं पाहिलं तर गुन्हा नावाचा नाही, घाईचा आहे.

स्वारी मुंबईत कशी पोचली याचा कागद नाही. परदेशी वाद्यांवर जबर आयात शुल्क असण्याच्या त्या काळात बोटीवर काम करणाऱ्या गोव्याच्या वादकांबरोबर अशी वाद्यं येत. मानेच्या खाचेत मात्र मुक्कामाचा पुरावा होता. मान किंचित मागे झुकावी म्हणून कुणीतरी लोकलच्या जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटाची पाचर बसवली होती. स्टेशनचं नाव कात्रीत गेलेलं, ‘सेकंड क्लास’ तेवढं शाबूत. डोक्यावर फेंडर मिरवणाऱ्याच्या मानेखाली हे निघावं! दुरुस्तीवाल्यांनी ती पाचर जशीच्या तशी परत बसवली. तिच्याशिवाय तारा फार उंच राहतात.

स्वभाव घुमा आहे. सर्वांत जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढं खालचं झेपत नाही, त्यामुळे कौतुकानं पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्याच्या बोटांचे चटचट आवाज तेवढे येतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या शोकेसमधल्या कपबशा मात्र त्याला चांगल्या ओळखतात.

एवढ्यात स्वारीला विकायचं ठरलंय अशी वावडी उठली आणि जुन्या वाद्यांचा एक दलाल येऊन गेला. त्यानं मान पाहिली, पत्रा पाहिला, नखानं स्टिकरची कड खरवडली आणि तोंड वाकडं केलं. “हे काढून टाका साहेब. खोट्या फेंडरला आता कोण विचारतं? सत्तरीतला जपानी म्हणून खपवू, हल्ली त्यालाच जास्त मागणी आहे.” मग बॅगेतून प्लास्टिकचं पाकीट काढून त्यानं पाच-सहा चकचकीत स्टिकर टेबलावर पसरले. “कुठलं लावू, बोला.”