काळ्या टेकडीवरचा ‘मी’

अदानाला उतरलेला प्रवासी सेहान नदीवरच्या रोमन पुलापाशी रेंगाळतो. अक्षरांचा नाद असलेल्याने मात्र पूल गाडीतूनच पाहावा आणि कादिरलीपलीकडचे डोंगर गाठावेत. तिथे जेहान नदीच्या काठी, पाइनच्या झाडीत, कारातेपे म्हणजे ‘काळी टेकडी’ आहे. तिच्यावर अझातिवादा नावाच्या सरदाराने गड बांधला आणि दोन्ही दरवाजांत बसाल्टच्या शिळांवर एकच मजकूर दोन भाषांत कोरवला: फिनिशियन अक्षरांत आणि लुवियन चित्रलिपीत. १९४६ साली पुरातत्त्वज्ञ हेल्मुट बॉसर्ट यांना तो सापडला आणि तोवर चाचपडत वाचल्या जाणाऱ्या चित्रांना पडताळा मिळाला. शिळा संग्रहालयात न जाता जागेवरच राहिल्या, हे पुरातत्त्वज्ञ हालेत चांबेल यांच्या हट्टाचं फळ. (बाई १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळलेल्या, हट्टाचं नवल नको.)

२०१५ साली या लुवियन चित्रलिपीची ५८३ चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाणकात, आली. आपली मोडी वर्षभर आधी आली होती. शिळेपुढे उभं राहिलं की आक्षेप आपोआप सुचतो. इथे एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची उलट, शेतात नांगर वळतो तशी. चिन्हं एकाखाली एक रचलेली, माणसा-प्राण्यांची तोंडं ओळीच्या आरंभाकडे. संगणकाच्या सरळ रांगेत यातलं काय उरतं? फारसं काही नाही, हे कबूल. पण मांडणी सांभाळणं हे फाँटचं काम; संकेतांकाने चिन्ह कोणतं एवढंच सांगावं. ते सांगताना युनिकोडने उच्चार टाळून अभ्यासक एमानुएल लारोश यांच्या १९६०च्या चिन्हयादीतले क्रमांक हीच चिन्हांची नावं ठरवली. रूक्ष वाटतं, पण शहाणपण तिथेच आहे. ३७६ आणि ३७७ ही चिन्हं पूर्वी ‘इ’ स्वराची मानत. १९७०च्या दशकात हॉकिन्स, मोर्पुर्गो डेव्हिस आणि नॉयमान या अभ्यासकांनी ती ‘त्सि’ आणि ‘त्सा’ असल्याचं दाखवलं. युनिकोडमध्ये एकदा दिलेलं नाव बदलत नाही. जुना उच्चार नावात शिरला असता तर चूक कायमची ठाण मांडून बसली असती. लारोशची यादीही निर्दोष नाही, हा आक्षेपही रास्त; काही क्रमांकांना ए, बी, सी अशी शेपटं जोडावी लागली. तरी वाचन बदललं म्हणून क्रमांक खोटा ठरत नाही.

गडावरचा लेख ‘मी अझातिवादा’ असा सुरू होतो. पहिलंच चिन्ह स्वतःकडे बोट दाखवणाऱ्या माणसाचं. लारोशच्या यादीत त्याचा क्रमांक १, आणि युनिकोडच्या त्या विभागातला पहिला संकेतांक, १४४००, त्याचाच.